धावफलक संपल्यानंतरचा वॉल्टर जॉन्सन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना मैदानावर नेलं. म्हणून आजचा विषय मैदानावरचाच घ्यावा असं मी ठरवलं. वॉल्टर जॉन्सन हा अमेरिकेच्या बेसबॉलमधला, आजवर झालेल्या सर्वांत मोठ्या दोन-तीन पिचरांपैकी एक. त्याला जाऊन पाऊणशेहून जास्त वर्षं झाली. आपल्याकडे बेसबॉल फारसा खेळला जात नाही, पण या माणसाच्या वाट्याला जे आलं आणि ते त्याने जसं सोसलं, ते कळायला बेसबॉल यावाच लागतो असं नाही.

तरी खेळाची थोडी ओळख करून देतो. मैदानाच्या मधोमध मातीचा एक उंचवटा असतो. त्यावर पिचर उभा राहतो आणि 60 फूट 6 इंचांवर असलेल्या फलंदाजाकडे चेंडू टप्पा न पाडता फेकतो. फटका मारून फलंदाज एकामागून एक बेस, म्हणजे ठरलेले टप्पे, गाठत परत घरी आला की धाव होते. फलंदाज तीनदा चुकला की बाद, याला स्ट्राइकआउट म्हणतात. तीन फलंदाज बाद झाले की डाव संपतो, आणि दोन्ही संघांना असे नऊ डाव मिळतात. प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही तर पिचरच्या नावावर शटआउट लागतो. आता यातली खरी गंमत बघा. सामना जिंकला किंवा हरला, तर तो संघाबरोबर एका पिचरच्याही नावावर लिहिला जातो. त्याच्या फलंदाजांनी एकही धाव केली नाही आणि त्याने एकच दिली, तरी पराभव त्याचाच. जॉन्सनच्या कारकिर्दीत 1-0 असे संपलेले 64 सामने त्याच्या नावावर आहेत. त्यातले 38 तो जिंकला, 26 हरला. आपल्या हातात जे होतं ते सगळं करूनही हरणं त्याला नवं नव्हतं.

त्याचा जन्म 1887 चा, कॅन्सस राज्यातल्या हम्बोल्ट गावाजवळच्या शेतावरचा. पुढे घरचे लोक कॅलिफोर्नियातल्या तेलाच्या विहिरींकडे गेले. तिथे हा लांब हातांचा, लाजरा मुलगा बेसबॉल खेळू लागला. आयडाहोतल्या वीझर नावाच्या लहानशा गावासाठी तो खेळत होता, तिथून वॉशिंग्टन सेनेटर्स या संघाने त्याला उचललं. 2 ऑगस्ट 1907 रोजी तो डेट्रॉइटविरुद्ध पहिला सामना खेळला. वय 19. तो सामना 3-2 असा हरला, पण समोरच्या संघात टाय कॉबसारखा फलंदाज होता आणि तोही सरळ फटका मारण्याऐवजी बॅट नुसती आडवी धरून धाव चोरायच्या मागे लागला होता. कॉबसारख्या माणसाने पहिल्याच दिवशी दिलेली ही पावती होती.

पुढल्याच वर्षी, सप्टेंबर 1908 मध्ये, त्याने न्यूयॉर्कविरुद्ध 4, 5 आणि 7 तारखेला असे तीन सामने पूर्ण टाकले आणि तिन्हींत न्यूयॉर्कला एकही धाव करू दिली नाही. मधला 6 सप्टेंबर हा रविवार होता, आणि त्या काळी न्यूयॉर्कमध्ये रविवारी सामने होत नसत. नाहीतर त्याने चौथाही टाकला असता, असं मला आपलं वाटतं.

त्याची फेक कशी होती? हात खांद्यावरून न येता बाजूने यायचा, चाबकासारखा, आणि पाहणाऱ्याला वाटायचं की याला काही कष्टच पडत नाहीत. 1912 मध्ये ब्रिजपोर्टच्या रेमिंग्टन शस्त्र कारखान्यात, बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायच्या यंत्रणेवर त्याचा चेंडू मोजला गेला. सेकंदाला 122 फूट, म्हणजे ताशी साधारण 134 किलोमीटर. आजच्या आकड्यांपुढे हे कमी वाटेल, पण आज चेंडू हातातून सुटताक्षणी मोजतात. तेव्हा तो पुढे जाऊन, वेग गमावल्यावर मोजला होता. सगळी कारकीर्द तो वॉशिंग्टनसाठीच खेळला आणि हा संघ बरीच वर्षं तळाशीच असायचा. तरी 417 विजय, आणि 110 शटआउट. हा दुसरा आकडा आजही कुणाला ओलांडता आलेला नाही. क्रीडालेखक ग्रँटलंड राइस याने त्याला ‘बिग ट्रेन’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं.

एवढा वेग हातात असलेला हा माणूस एका गोष्टीला भ्यायचा. आपला चेंडू कुणाच्या डोक्याला लागेल, ही त्याची भीती. कॉबने ती ओळखली होती. तो मुद्दाम प्लेटला, म्हणजे फलंदाजासमोरच्या पाटीला, चिकटून उभा राहायचा, कारण जॉन्सन आत चेंडू टाकणार नाही हे त्याला ठाऊक होतं. ही भीती खोटी नव्हती. ऑगस्ट 1920 मध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन दुसऱ्या एका पिचरचा चेंडू डोक्याला लागून मरण पावला. जॉन्सन पंचांशी हुज्जत घालत नसे, दारूला शिवत नसे, क्षेत्ररक्षकाने सोपा चेंडू सोडला तरी त्याच्याकडे रागाने बघत नसे. हे सगळं सांगतो आहे ते त्याला संत ठरवायला नव्हे. पुढचं दुःख किती हळव्या माणसावर कोसळलं हे कळावं म्हणून.

1914 च्या जूनमध्ये त्याचं लग्न झालं. नेवाडा राज्याच्या काँग्रेस सदस्याची मुलगी हेझल रॉबर्ट्स ही त्याची बायको. मुलं झाली, घर भरलं. 1920 मध्ये त्याचा हात पहिल्यांदा दुखू लागला. त्याच वर्षी 1 जुलैला बॉस्टनमध्ये त्याने प्रतिस्पर्ध्याला एकही हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, न देता सामना जिंकला, पण हंगाम 8 विजय आणि 10 पराभव असा संपला. मग आलं 1921. जुलैमध्ये वडील, फ्रँक जॉन्सन, गेले. आणि डिसेंबरमध्ये एलिनॉर गेली. त्याची मुलगी. दोन वर्षांची होती. इन्फ्लुएंझा झाला आणि ती गेली.

1918-19 च्या महासाथीची लाट तेव्हा ओसरली होती, पण इन्फ्लुएंझा घराघरांत येतच होता. प्रतिजैविकं अजून यायची होती, आणि या तापापुढे डॉक्टर फारसं काही करू शकत नव्हते. ज्याच्या हातातल्या ताकदीचं सगळ्या देशात कौतुक होत होतं, तो बाप त्या पाळण्याशेजारी इतर कुठल्याही बापाइतकाच असहाय होता.

1922 चा हंगाम 15 विजय आणि 16 पराभव असा गेला. 1923 मध्ये 17 आणि 12. वय पस्तिशीला आलं होतं. पिचरच्या मानाने ते म्हातारपणच. लोक म्हणू लागले की जॉन्सन संपला. त्या पराभवांत दुखऱ्या हाताचा वाटा किती आणि एलिनॉरचा किती, हे आकड्यांतून काढता येणार नाही आणि काढायचा प्रयत्नही कुणी करू नये. मला त्या दोन वर्षांबद्दल एवढंच म्हणायचं आहे की तो दर चौथ्या-पाचव्या दिवशी उंचवट्यावर जाऊन उभा राहिला. कधी जिंकला, कधी मार खाल्ला, आणि पुन्हा उभा राहिला.

खेळाडूचं दुःख म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक वेगळंच चित्र येतं. 1999 चा विश्वचषक आठवा. इंग्लंडमध्ये स्पर्धा चालू असताना 19 मे रोजी मुंबईत सचिनचे वडील, प्राध्यापक रमेश तेंडुलकर, गेले. कवी, कीर्ती महाविद्यालयातले लाडके शिक्षक. सचिन घरी आला, अंत्यविधी झाले, आणि आईच्याच सांगण्यावरून तो परत गेला. 23 मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्याने नाबाद 140 धावा केल्या आणि शतक झाल्यावर आभाळाकडे पाहिलं. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या किती घरांत डोळे पुसले गेले असतील! तो डाव मोठाच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या चार दिवसांमुळे आपल्याला एक सवय लागली. दुःख आलं की खेळाडूने लगेच काहीतरी करून दाखवावं, आणि तेही टीव्हीवर, ही अपेक्षा रुजली. ज्याला तसं जमत नाही तो आपल्या लेखी खचलेला. जॉन्सनला चार दिवसांत जमलं नाही, दोन वर्षांतही जमलं नाही. तरी तो खचला होता असं मी म्हणणार नाही.

आणि मग 1924 आलं. 36 वर्षांच्या जॉन्सनने 23 सामने जिंकले, 7 हरला, आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. वॉशिंग्टन पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, पोहोचलं, समोर न्यूयॉर्क जायंट्स. सगळा देश जॉन्सनच्या बाजूने होता. तो पहिला सामना 12 डावांनंतर 4-3 असा हरला. पाचवाही हरला, 6-2. संघाने मात्र मालिका 3-3 अशी आणून ठेवली.

10 ऑक्टोबर 1924, वॉशिंग्टनचं ग्रिफिथ स्टेडियम. अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज प्रेक्षकांत बसलेले. आठव्या डावाअखेर 3-3. नववा डाव सुरू होताना अवघ्या 27 वर्षांचा कर्णधार-व्यवस्थापक बकी हॅरिस याने चेंडू जॉन्सनच्या हाती दिला. एकच दिवस मध्ये विश्रांती घेतलेला, मालिकेत दोनदा हरलेला माणूस. एक फलंदाज बाद झाला आणि फ्रँकी फ्रिशने असा फटका मारला की तो थेट तिसऱ्या बेसवर. आता एखादा साधा उंच झेलसुद्धा जायंट्सला आघाडी द्यायला पुरला असता. जॉन्सनने पुढच्या फलंदाजाला मुद्दाम पहिल्या बेसवर जाऊ दिलं. त्यानंतर जॉर्ज केली आला. केली मोठा फलंदाज. जॉन्सनने त्याला तीन स्ट्राइकमध्ये घरी पाठवलं. पुढचा फलंदाज चेंडू जमिनीवर मारून बाद झाला. दहावा डाव गेला. अकराव्यात पुन्हा माणसं बेसवर आली, आणि पुन्हा फ्रिश आणि केली दोघेही स्ट्राइकआउट.

बाराव्यात वॉशिंग्टनची फलंदाजी. मडी रुएलने चेंडू सरळ वर उडवला. झेल अगदी सोपा, पण जायंट्सचा कॅचर हँक गाउडी स्वतःच जमिनीवर टाकलेल्या मुखवट्यात पाय अडकून धडपडला आणि चेंडू पडला. जीवदान मिळालेला रुएल मग दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचला. जॉन्सन स्वतः फलंदाजीला आला, त्याने जमिनीवरून मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाला नीट धरता आला नाही. मग अर्ल मॅकनीलीने चेंडू तिसऱ्या बेसकडे मारला. तिथे उभा होता 18 वर्षांचा फ्रेडी लिंडस्ट्रॉम. चेंडू त्याच्या अगदी हातात येणार, तेवढ्यात तो कशावर तरी आपटून उसळला. खडा होता म्हणतात. चेंडू लिंडस्ट्रॉमच्या डोक्यावरून गेला, रुएल धावत घरी आला, आणि वॉशिंग्टन विश्वविजेतं झालं. त्या शहराला पुढचं विजेतेपद मिळायला 2019 उजाडावं लागलं.

ही गोष्ट जेव्हा सांगितली जाते, तेव्हा बहुतेक जण इथे थांबतात. मुलगी गेली, माणूस मोडला, तीन वर्षांनी जिंकला, दैवाने भरपाई केली. मला ही मांडणी मनापासून चुकीची वाटते. कुठल्या विजेतेपदाने दोन वर्षांच्या मुलीची भरपाई होते? आणि विचार करा, तो खडा तिथे नसता तर? चेंडू लिंडस्ट्रॉमच्या हातात गेला असता, कदाचित डाव संपला असता, तेराव्यात जायंट्स जिंकले असते. मग जॉन्सनचा धीर कमी ठरला असता का? पुढच्याच वर्षी याचं उत्तर मिळालं. 1925 च्या सातव्या सामन्यात, पिट्सबर्गमध्ये, धो धो पावसात आणि चिखलात जॉन्सन आठ डाव टाकत राहिला. त्याच्यावर 15 हिट पडले, त्याच्याच संघाकडून चुका झाल्या आणि वॉशिंग्टन 9-7 असं हरलं. लीगच्या अध्यक्षांनी तर हॅरिसला जाहीर दूषण दिलं की भावनेच्या भरात म्हाताऱ्या पिचरला ठेवलंस. माणूस तोच, हात तोच, हिंमत तीच. एका वर्षी खडा आडवा आला, दुसऱ्या वर्षी पाऊस.

म्हणून मी तुम्हाला मैदानाबाहेरच्या जॉन्सनकडे घेऊन जाणार आहे. 1927 मध्ये सरावात एका सहकाऱ्याचा फटका पायावर बसून त्याचं हाड मोडलं आणि त्या हंगामानंतर त्याने खेळणं थांबवलं. 1929 मध्ये तो वॉशिंग्टनचा व्यवस्थापक झाला. 1930 चा उन्हाळा अमेरिकेच्या पूर्व भागात भयंकर होता, दुष्काळाचा. 20 जुलैला वॉशिंग्टनमध्ये पारा 106 फॅरनहाइटवर गेला, म्हणजे आपल्या 41 अंशांवर. विदर्भातल्या माणसाला हे नेहमीचं वाटेल, पण त्या शहराच्या नोंदींत याहून मोठा आकडा नाही. त्या उन्हातून हेझल देशाच्या मध्य भागातून मोटारीने प्रवास करत घरी आली. तेव्हाची मोटार, तेव्हाचे रस्ते, आणि असं ऊन. ती आली ती गळून गेलेलीच. 1 ऑगस्टला ती वारली. वय चाळिशीच्याही आतलं.

घरात पाच मुलं. थोरला किशोरवयातला, बाकीची त्याच्याहून लहान. हंगामाचे दोन महिने शिल्लक. जॉन्सनचा संघ त्या वर्षी 94 सामने जिंकून दुसरा आला. हा आकडा कुठल्याही पुस्तकात सापडेल, पण त्या दोन महिन्यांत तो माणूस रोज रात्री कुठल्या घरी परतत होता, ते त्या पानावर लिहिलेलं नसतं. त्याची म्हातारी आई मिनी मदतीला आली. जॉन्सनने पुन्हा लग्न केलं नाही. आईच्या आधाराने त्याने पाचही मुलं वाढवली.

पुढची वर्षं सुखाची होती असं नाही. संघ तिसरा आला, पुन्हा तिसरा आला, आणि 1932 नंतर वॉशिंग्टनने त्याला काढलं. ज्या शहराला त्याने वीस वर्षं दिली होती त्याच शहराने. मग क्लीव्हलंडचा व्यवस्थापक झाला, तिथे खेळाडूंशी बिनसलं, वर्तमानपत्रं तुटून पडली, प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. 1935 च्या ऑगस्टमध्ये त्याने ते सोडलं. मेरीलँडमध्ये जर्मनटाउन इथे शेत होतं, तिथे तो राहू लागला. 1936 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिले पाच जण निवडले गेले: कॉब, रूथ, वॅग्नर, मॅथ्यूसन आणि जॉन्सन. तो परगण्याचा आयुक्त म्हणून निवडून आला, काँग्रेसची निवडणूक हरला, एक वर्ष रेडिओवर सामन्यांचं समालोचन केलं. ऑगस्ट 1942 मध्ये युद्धनिधीसाठी यांकी स्टेडियमवर, वयाच्या 54 व्या वर्षी, त्याने बेब रूथला चेंडू टाकले. रूथने एक चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. 69 हजार लोक पाहत होते, आणि जॉन्सनने तो फटका आनंदाने खाल्ला असणार, कारण लोक त्यासाठीच आले होते.

10 डिसेंबर 1946 रोजी मेंदूच्या गाठीच्या आजारात तो गेला. वय 59. रॉकव्हिलच्या दफनभूमीत हेझलच्या शेजारी त्याला ठेवलं आहे. त्याचं उत्तम चरित्र 1995 मध्ये आलं आणि ते लिहिलं त्याच्या नातवाने, हेन्री थॉमस यांनी. आई गेली तेव्हा लहान असलेल्या एका मुलीचा हा मुलगा. आजोबांच्या प्रत्येक सामन्याचा माग काढावा असं नातवाला वाटलं, यावरून त्या घरात जॉन्सनबद्दल काय भावना होती हे कळतं.

माझं मत स्पष्ट आहे. 1924 च्या सामन्यात फ्रिश आणि केलीला बाद करणारा जॉन्सन मोठा. पण त्याहून मोठा जॉन्सन 1930 नंतरचा, जो सोळा वर्षं जगला, मुलांचे डबे, ताप, शाळा आणि शेत यांत. तिथे ना धावफलक होता, ना टाळ्या होत्या, ना नशिबाने आडवा येणारा खडा होता.

आज या सभागृहात शाळा-क्लबांचे प्रशिक्षक बसले आहेत, तालमींचे वस्ताद आहेत, खेळाडूंचे आई-वडील आहेत. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये आता खेळाडूच्या घरी मृत्यू झाला तर त्याला काही दिवसांची रीतसर रजा मिळते आणि त्याची जागा संघाला तात्पुरती भरता येते. आपल्याकडे सुतकाचे दहा-तेरा दिवस पूर्वापार आहेत, पण जिल्हा स्पर्धा जवळ आली की आपणच मुलाला विचारतो, परवा येतोस ना? तुमच्या संघातल्या मुलावर असा प्रसंग आला तर आधी त्याच्या घरी जा. तो परत येईल तेव्हा येईल. आल्यावर पहिल्या चार सामन्यांत पडला, हरला, रडला, तरी त्याचं नाव यादीतून काढू नका. एवढी विनंती करतो आणि थांबतो.